सिमेंटात रुतलेली चिंच

मी एक जुनी चिंच आहे. ठाण्यातल्या तळ्याकाठच्या इंग्रजांच्या वेळच्या बागेत उभी आहे. मित्रांनो, आधीच सांगते, माझा तुम्हां माणसांवर राग आहे.

मला लावलं तेव्हा माळी रोज पाणी घालायचा, बुंध्याशी शेणखत द्यायचा. पुढे मी सावली दिली, चिंचा दिल्या. पोरांनी दगड मारले, तेही सोसले. मग बागेचं सुशोभीकरण निघालं. दिव्यांच्या माळांसाठी माझ्या अंगात खिळे ठोकले. गटाराचा पाइप न्यायला एका बाजूची मुळं तोडली आणि बुंध्याला टेकेपर्यंत सिमेंट ओतलं.

सरोजबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका रोज सकाळी माझ्याखाली बसायच्या. सिमेंट पडत होतं तेव्हा त्या ठेकेदाराच्या मुकादमाला, महेंद्रला म्हणाल्या, "अरे, भोवती थोडी माती तरी सोड."

"चिखल झाला की तुम्हीच लोक बोंबलता, मॅडम."

मुळांना पाणी मिळेना, हवा मिळेना. ती कुजू लागली. काही वर्षांनी एका सकाळी, वारा नसताना, माझी मोठी फांदी मोडली आणि सरोजबाईंच्याच खांद्यावर पडली. हाड मोडलं.

झालं, मी धोकादायक ठरले. महेंद्र करवत घेऊन आला. सरोजबाई मोडका हात गळ्यात बांधून त्याच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"फांदी माझ्यावर पडलीय, तेव्हा मीच बोलणार. आधी सिमेंट फोड. काय करून ठेवलंयस ते सगळ्यांना दिसू दे."

"आणि उद्या अजून कोणाच्या डोक्यात पडली तर?"

"तर तुझं नाव सांगेन."

फिरायला आलेले लोक जमले, तेव्हा त्याने नाइलाजाने सिमेंट फोडलं. खाली तोडलेली मुळं काळी पडून घाण मारत होती. दुसऱ्या बाजूची जिवंत निघाली. म्हणून मला निम्मंच कापलं आणि भोवती माती टाकली.

सरोजबाईंचा हात अजून वर जात नाही. त्या बागेत येतात, पण मला लांबून वळसा घालून जातात. त्यांना दोष कसा देऊ? मीही तुम्हांला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, माझं कौतुक नको. खिळे काढा, माती मोकळी ठेवा. एवढं जमत नसेल तर माझ्याखाली बसू नका. मुळं तोडलेल्या झाडाची फांदी खाली कोण बसलंय ते बघत नाही.