निळ्या पट्टीचा जोड

वायरी तपासायचा मीटर माझ्या मांडीवर होता, कारण बाबांना त्याची शिटी ऐकू येत नाही. चाळीस वर्षं इंजिनांच्या शेजारी काढल्यावर मोठ्याने बोललेलं त्यांना कळतं, पण असला बारीक आवाज कानापर्यंत पोचत नाही. मीटरचे आकडे तर कधीच पुसले गेलेत. म्हणून लहानपणापासून हे काम माझं. वाजलं की 'वाजतंय' म्हणायचं, थांबलं की 'थांबलं'.

गाडी बाबांच्या गॅरेजच्या मागच्या अंगणात उभी होती. जुनीच, पण पुढून अजून धडधाकट, मागून चुरगळलेली. दीड महिन्यापूर्वी चढावर ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मागून आलेल्या ट्रकच्या धडकेत माझा नवरा गेला. पोलिसांच्या कागदावर एकच ओळ आहे : चालकाने वाहन रस्त्यात निष्काळजीपणे उभे केले. सासूबाईंना ती पाठ झालीय. त्या रडत नाहीत, रागावतात. "पहिल्यापासून वेंधळा. चढावर कोणी गाडी थांबवतं का? या तान्ह्या पोरीचा तरी विचार करायचा!" त्याचा फोटोही त्यांनी अजून भिंतीवर लावलेला नाही.

उद्या सकाळी भंगारवाला गाडी नेणार होता. बाबा म्हणाले, "त्याआधी वायरी तपासू. गाडी त्याने थांबवली की आपणहून थांबली, एवढं तरी कळू दे."

बॅटरी आधीच काढून ठेवली होती. बाबा डाव्या दाराने आत शिरून डॅशबोर्डखाली पाठीवर झोपले. इंजिनचा सगळा कारभार पाहणारा कंट्रोल युनिटचा डबा तिथे असतो. त्याचा प्लग सोडवून ते मीटरची एक पिन वायरीच्या एका टोकाला लावत, दुसरी फ्यूजपाशी चिमट्याने अडकवत. वायर अखंड असली की मीटर सलग वाजतो. मग ती वाकवायची, हलवायची. आत कुठे तुटली असेल तर आवाजही तुटतो.

मी दारापाशी स्टुलावर. माझी सात महिन्यांची चिंगी शेजारी चटईवर पालथी पडून स्वतःच्याच मुठीशी झटापट करत होती.

"वाजतंय का गं?"

"वाजतंय."

"मोठ्याने सांग. मिठाची गुळणी धरलीस का?"

"वाजतंयऽऽ! आता शेजारचे येतील विचारायला."

"येऊ देत. चहा त्यांच्याकडेच मागू."

अकरा वायरी झाल्या, अकराही धड. गाडीत दोष निघावा असं मला वाटत होतं, आणि निघू नये असंही.

बारावी लाल. डब्याला वीज पुरवणारी; ही तुटली की इंजिन बंद. तिच्या मध्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली आणि मी ती लगेच ओळखली.

मला कळा सुरू झाल्या त्या दिवशीची ती पट्टी. उंदराने वायर कुरतडली होती, गाडी सुरू होईना. बाबा असेच खाली झोपले होते, नवरा टॉर्च धरून, मी मागच्या सीटवर ओरडत. बाबांनी दोन्ही टोकं नुसती पिळून पट्टी गुंडाळली. "सोल्डर मारून जोड पक्का नंतर करू," असं ते म्हणाले, आणि मी किंचाळले, "पुरे बाबा, चला आता!" तासाभरात चिंगी झाली. त्यानंतर रात्रीची जागरणं, लंगोट, औषधं. ते 'नंतर' राहूनच गेलं.

बाबांनी वायर वाकवली. शिटी तुटली. सरळ केली, वाजली. पुन्हा वाकवली, गप्प.

"वाजतंय का?"

त्यांचा चेहरा दिसत नव्हता, दिसत होते ते हात आणि विटक्या पॅन्टमधले, बारीक झालेले गुडघे.

"वाजतंय," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. "नक्की?"

एवढं एक 'हो' म्हटलं असतं तर बाबा रात्री दोन घास जेवले असते. उद्या गाडीचा लोखंडाचा गोळा होणार, कोण विचारतंय? पण कागदावरची ती ओळ तशीच राहिली असती. चिंगी मोठी झाली की आजी तिला तीच ऐकवणार : तुझा बाप वेंधळा होता.

"नाही बाबा. थांबलं."

"परत बघ."

तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा थांबलं.

त्यांनी मीटरची पिन काढली. मग आतूनच म्हणाले, "ही पट्टी माझी."

"घाई मी केली होती, बाबा."

"घाई तुझी, हात माझा. तू कळा सोसत होतीस. मी कारागीर होतो." मग आवाज आला, अगदी हळू. "पाच-साडेपाच महिने हाच जोड घेऊन तो रोज गॅरेजवरून जायचा गं. रोज हॉर्न वाजवून हात करायचा मला."

त्यांनी जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर वायर ठेवून तो कापला. पट्टी घसरली होती. आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, दोन-तीनच एकमेकींना कशाबशा टेकलेल्या. तुकडा रुमालात गुंडाळून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.

"चल. विहीणबाईंकडे."

"मी आधी फोन करते."

"ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे?"

दोन गल्ल्या आम्ही चालत गेलो. बाबा पुढे, एकदाही मागे न बघता.

सासूबाईंनी दार उघडलं आणि आधी चिंगीलाच माझ्या कडेवरून ओढून घेतलं. "आली का माझी साखर! आजीला विसरली नाहीस ना?" मग बाबांकडे लक्ष गेलं. "अहो, या ना. बाहेर का उभे?"

बाबांनी चपला काढल्या नाहीत. हात खिशावर ठेवून ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"आधी ऐकून घ्या, विहीणबाई. आत घ्यायचं की नाही, ते मग ठरवा."