काठावरचे चार श्वास

नेलिदाला यंदा मुळी यायचंच नव्हतं. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि मे महिन्यात, तिकडे थंडी सुरू होते तेव्हा, डोंगरातल्या त्या तळ्यात उतरायचं म्हणजे हौस कसली, शिक्षाच! पण अर्जेंटिनातल्या बारिलोचे गावच्या त्या डायव्हिंग क्लबात "मी आता थांबते" म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की सगळे गळ्यात पडत. "बाई, तुम्ही नसाल तर क्लबच बंद करू!" प्रेमाचंच बोलणं ते, पण मेलं मानेवर जोखड ठेवल्यासारखं.

क्लबातली दंतवैद्य ओफेलिया नेलिदाच्या सूटचा रबरी गळा डोक्यावरून खाली ओढत होती.

"श्वास सोडा, बाई."

"सोडला तर परत घ्यायचा कंटाळा येईल," नेलिदा म्हणाली.

पलीकडे सिरो थर्मासमधून माते नावाच्या तिकडच्या कडू चहाच्या भोपळ्यात गरम पाणी ओतत होता. चाळिशीचा गॅरेजवाला, पाण्यातला तिचा नेहमीचा जोडीदार. भोपळा हातोहात फिरायचा, पण ओतणारा एकच. थर्मासला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

दोन नवखे आले होते. त्यांना तिनं दरवर्षीचं बजावलं. "टाकीतली हवा तोंडात देणारा हा रेग्युलेटर काठावर तोंडात धरून श्वास घ्यायचा नाही. आत वाफ जाते, तिचा बर्फ होतो आणि खाली गेल्यावर झडप उघडीच राहून सगळी हवा निघून जाते. आधी पाण्यात उतरायचं, मग तोंडात घालायचा."

"बाई झोपेतसुद्धा हेच बडबडतात म्हणे," सिरो म्हणाला. सगळे हसले.

पहिली जोडी नेलिदा आणि सिरोची. तो पायात पोहायचे रबरी पंख चढवत होता तोवर ती दगडावर टेकली. अंगात त्राणच नव्हतं. बसल्या बसल्या तिनं रेग्युलेटर तोंडात धरला, डोळे मिटले आणि चार श्वास घेतले. शांत, लांबलचक. डोळे उघडले तेव्हा सिरो तिच्याकडेच बघत होता. बोलला मात्र काही नाही. बाईंना कोण शिकवणार?

खाली बुडालेल्या झाडांपाशी पोचले आणि तिच्या तोंडातून हवेचा लोट सुटला. थांबेचना. पाठीवरच्या टाकीची तोटी बंद करायला हात मागे नेला, तर बोटं गारठून लाकडाची झालेली. सिरोनं आपला जादा रेग्युलेटर तिच्या तोंडात दिला, पट्ट्याला धरलं आणि हळूहळू तिला वर आणलं.

"काय झालं?" ओफेलिया धावत आली.

"झडपच खराब आहे," सिरो घाईघाईनं म्हणाला. "गॅरेजात खोलून बघतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नेलिदाही गप्प राहिली असती तर भागलं असतं. मग पुढच्या मे महिन्यात पुन्हा हाच दगड, हाच सूट.

"झडपेला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "काठावर श्वास घेतला मी. आणि यानं बघितलं."

सिरोनं मान खाली घातली. "तुम्हाला कसं सांगणार, बाई?"

"मेले असते तरी असाच आदरानं बघत राहिला असतास का रे, गाढवा?" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडू फुटलं. "दमलेय रे मी. कधीची दमलेय. एकानं तरी म्हणायचं होतं, बाई, बसा आता."

ओफेलियानं तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली. सिरो उठला, थर्मास घेऊन आला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"बसा, बाई," तो म्हणाला. "आता ओतायचं काम तुमचं."

"आणि क्लब?"

"भांडत भांडत चालवू. तुम्ही काठावरून शिव्या घाला."

त्यानं नवख्यांना पुढे बोलावलं. "रेग्युलेटर काठावर तोंडात धरायचा नाही," तो दरडावून म्हणाला. "धरला तर मी ओरडणार. कुणी का असेना!"

नेलिदानं माते ओतलं. पहिला भोपळा ओतणाऱ्याचा, सगळ्यात कडू. तिनं तो सावकाश संपवला, पुन्हा भरला आणि ओफेलियाच्या हातात दिला.