समदे एका जागी

"हे काय दिसायलंय?" कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक टेकवत भिवराबाईंनी विचारलं.

"तुमच्या सुग्रीवची मिशी हाय, मावशी," रेवणप्पा ओशाळून म्हणाले.

घाटनांदूरच्या बाजारात रेवणप्पांचा फोटो स्टुडिओ तीस वर्षांचा आणि त्यातला कॉम्प्युटर आठ महिन्यांचा. भिवराबाईंच्या चार मुलांचा फोटो त्यांनीच एकवीस वर्षांपूर्वी काढलेला. पुढे वाटण्या झाल्या. त्या शूरवीरांनी जमीन वाटली, भांडी वाटली आणि भिंतीवरच्या फोटोसाठी अशी ओढाओढ केली की त्याच्या चिंध्या झाल्या. स्टुडिओतली छोटी प्रत तेवढी वाचली. ती मोतीबिंदूमुळे बाईंना दिसेना, म्हणून रेवणप्पांनी ती कॉम्प्युटरवर चढवली. एक बटण दाबलं की अख्खा फोटो पडद्यात मावायचा. बाई दर बाजारच्या दिवशी यायच्या आणि पोटभर बघून जायच्या.

परवा फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आंबाजोगाईच्या विजयसिंहांनी त्याची नवी आवृत्ती बसवून दिली आणि ते बटणच गायब झालं. आता फोटो उघडला की नुसती मिशी.

रेवणप्पांनी माउस ओढत ओढत एकेक मुलगा दाखवला.

"एकेक तर मला गावात बी दिसतेत, आप्पा," भिवराबाई म्हणाल्या. "समदे एका जागी दाखव."

हे रेवणप्पांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून त्यांनी आंबाजोगाईची एसटी धरली.

"ते बटण मीच काढलं, काका. कुणी वापरत न्हवतं," विजयसिंह म्हणाले.

"कुणाला इचारलंत?"

"आता फोटो खऱ्या आकारात दिसतो."

"खऱ्या? सुग्रीवची मिशी काय टावेलाएवढी हाय व्हय?"

विजयसिंह हसले, पण कामाचा ढीग दाखवून म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

रेवणप्पांनी चपला काढल्या आणि खुर्चीवर मांडी ठोकून बसले. "बघा की. तवर मी हितंच हाय." मग येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी भिवराबाईंची हकिकत पहिल्यापासून सांगायला घेतली. पाचव्या गिऱ्हाइकाच्या वेळी विजयसिंहांनी रेवणप्पांपुढे हात जोडले. संध्याकाळच्या एसटीत रेवणप्पा बसले, तेव्हा बटण परत आणणारी फ्लॉपी त्यांच्या खिशात होती.

पुढच्या बाजारी भिवराबाई आल्या. रेवणप्पांनी बटण दाबलं आणि मिशी मागे सरकून चारही भाऊ पडद्यात आले.

"आले. समदे आले." बाईंनी पदर तोंडाला लावला. रेवणप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्याच पैशाने चहा सांगितला.

तेवढ्यात थोरला सुग्रीव तणतणत आत आला. "माय, गावाला आमचा तमाशा दावायलीस व्हय? ऊठ, चल घरी!"

बोलता बोलता त्याची नजर पडद्यावर गेली. बांधावरून सहा वर्षं ज्याच्याशी त्याचा कज्जा चालू होता, तो धाकटा सटवा फोटोत तीन वर्षांचा होता आणि सुग्रीवच्याच मांडीवर ऐसपैस बसला होता.

सुग्रीव पडद्याजवळ वाकला.

"सटव्याच्या नाकाला शेंबूड हाय," तो म्हणाला.

"तूच पुसायचास की रं," भिवराबाई म्हणाल्या.

आईला न्यायला आलेला सुग्रीव कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला.