समाधीतलं कुत्रं

उमापूरच्या शिवेवर त्या सोमवारी सकाळी दहालाच पाचशे माणूस जमलेलं होतं. निम्मे वारलेल्या नातेवाइकांशी बोलायला आलेले, उरलेले ते बोलणं ऐकायला. समोर चुना मारलेली समाधी, शेजारी केदारनाथ महाराज, भोवती चार कर्ण्यांवर तंबोरा. महाराज मौनात असत आणि मेलेले बोलत. आपले ओठ घट्ट मिटलेले आहेत, हे महाराज बोट लावून दाखवत. मग दगडातून खोल, घुमणारा आवाज येई. २००२ साल होतं. गावाला टेलिफोनसाठी अर्ज देऊन चार वर्षं झाली होती. स्वर्गाची लाइन मात्र अर्ज न करता मिळाली होती.

चकलांब्याच्या छबुबाई पुढच्या रांगेत होत्या. शेजारी त्यांची सोळा वर्षांची प्रणिता. तिला फिट्स येत. अंबाजोगाईच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत एकही आली नव्हती. पण मागच्या सोमवारी छबुबाईंच्या वारलेल्या नवऱ्यानं, मुंजाजींनी, समाधीतून आदेश दिला होता : गोळ्यांनी पोरीचं रक्त आटतंय, पुढच्या सोमवारी त्या इथं वाहा आणि बंद करा. गोळ्यांचा डबा आज छबुबाईंच्या पिशवीत होता.

"आवाज त्यांचाच होता का?" मागं बसलेल्या जगदेवीबाईंनी विचारलं. त्या प्रणिताच्या शाळेतल्या शिक्षिका. डब्याचं कळल्यावर चकलांब्याहून मागोमाग आल्या होत्या.

"घुमत हुता, बाई. वळखू कसा येईल? पर इहिरीवरची मोटार, तांबडा बैल, समदं सांगितलं की."

"हे तुम्ही आधी कुणाला बोलला होतात?"

"कुणाला न्हाई. निस्तं हाटेलात, च्या पिताना. बंकट लई मायेनं इचारतो."

बंकटचं हॉटेल समाधीपासून वीस पावलांवर होतं. स्वर्गाचं चौकशी कार्यालय तिथं चालत असे.

समाधी बोलू लागली. "छबू... डबा आणलास का..."

तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या खोलीपाशी कुत्रं भुंकलं. त्याच क्षणी समाधीतही भुंकलं. तसंच खोल, लांबवर घुमत.

लोकांनी हात जोडले. "काळभैरवाचं हाय," कुणीतरी शेजाऱ्याला समजावून सांगितलं.

"मावशी, उठा," जगदेवीबाई म्हणाल्या. "डबा वाहायच्या आधी मला पाच मिनिटं द्या. नाही पटलं तर मी स्वतः वाहीन."

काळभैरवाचं कुत्रं खोलीच्या दाराला सुतळीनं बांधलेलं होतं. उकाड्यामुळे दार उघडं. आत सुरज, पूर्वी गेवराईत ऑर्केस्ट्राचा साउंड बघायचा तो, दाराकडे पाठ करून बसला होता. कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक, हातात कागद : "छबुबाई, चकलांबा. मुलगी, फिट्स. विहिरीवर मोटार." समोर कॉम्प्युटर.

जगदेवीबाईंनी शाळेच्या गाण्यांची कॅसेट अशाच कॉम्प्युटरवर करून घेतली होती. त्या हळू आवाजात सांगू लागल्या, "या पडद्यावरच्या पट्ट्या बघा. एका पट्टीत एक आवाज. ही तंबोऱ्याची, ती बाहेरच्या कर्ण्यांवर जाते. ही सुरजच्या माइकची. ती आधी या खालच्या पट्टीत वळवलीय, तिथं घुमारा मिसळतो आणि मग ती समाधीखालच्या स्पीकरला जाते. कुत्रंही याच माइकमधून समाधीत गेलं."

छबुबाईंनी वीस वर्षं उसाला पाणी दिलं होतं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"ह्ये तर दारं धरल्यावानी हाय. पाणी येकच. ह्या सरीचं दार मोडलं की त्या सरीत."

"अगदी तेच."

"मंग मोडा की."

जगदेवीबाईंनी वाकून माउस धरला आणि माइकची पट्टी घुमाऱ्यातून काढून थेट कर्ण्यांवर सोडली. पडद्यावरचा बाण आपोआप चालताना पाहून सुरजचा त्या क्षणी चमत्कारावर विश्वास बसला असावा. तो गर्रकन वळला.

"ओ बाई, हात नका लावू. समदं राउटिंग बिघडंल."

स्वर्गातून आलेलं हे वाक्य चार कर्ण्यांवरून, बिनघुमाऱ्याचं, पाचशे माणसांनी ऐकलं. समाधी गप्प झाली. महाराजांचे ओठ अजून मिटलेलेच होते. उघडायचे केव्हा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

लोक खोलीकडे धावले. जगदेवीबाईंनी माइकची पट्टी पुन्हा जुन्या सरीत वळवली आणि गर्दीतल्या म्हाताऱ्या शहादेवअण्णांना माइकपुढे बसवलं. समाधीतून आवाज घुमला, "म्या शहादेव. अजून जित्ता हाय बे."

सगळे हसले, बंकट सोडून. तो म्हणाला, "पर आत्मा मशिनीतूनबी येऊ शकतो की."

"येऊ शकतो," जगदेवीबाई म्हणाल्या. "मग तो सुरजच्या कागदावरचंच का वाचतो?"

बंकटला दुधाचं भांडं उतरवायचं आठवलं.

छबुबाईंनी डबा उघडला, एक गोळी प्रणिताच्या हातावर ठेवली आणि बंकटच्याच माठातलं पाणी दिलं. "ते मला कधी छबू म्हणले न्हाईत," त्या म्हणाल्या. "'अगं ए' म्हणायचे. मला वाटलं, मेल्यावर सुधारले आसतील."

महाराज दुपारी तपश्चर्येसाठी हिमालयात गेले, गेवराईच्या जीपनं. ते पुन्हा कुठंतरी उतरतील, नव्या दगडापाशी. गेलेल्या माणसाची हाक ऐकावीशी वाटते, यात लाजण्यासारखं काही नाही. पण सरीत पाणी आलं की ते कुठून वळवलं, हे आपण बांधाबांधानं जाऊन बघतो. आवाजाच्याही मागं तेवढंच चालत जावं. इथं वीस पावलं पुरली. आणि गोळ्या बंद करायच्या का, हे ज्यानं दिल्या त्या डॉक्टरला विचारावं. तो तरी घुमत नाही.