लाल घमेल्याचं पाणी

मी एक जुना जंतू आहे, मित्रांनो, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसू दे. भिंगाशिवाय मीच दिसत नाही, मग माझी गोष्ट तुम्हाला कुठून पटणार? मलकापूरच्या वाटेवर एक नाला आहे. त्यात लाल काठाची एक गोधडी पडली आहे, तिच्या शिवणीत सध्या माझा मुक्काम असतो. शेजारी एक आगाऊ जंतू राहतो. लोणारच्या खाऱ्या तळ्यातून एसटीच्या चाकाला चिकटून आलो, असं सांगतो. थापाड्या लेकाचा! त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म याच नाल्याच्या गाळातला. आमच्यात आईबाप नसतात. एकाचे दोन होतात आणि दोघेही म्हणतात, पहिला तो मीच. म्हणजे माझा आजाही मीच आणि नातूही मीच. माणसाच्या पोटात शिरून मुरडा आणायचा, एवढाच माझा धंदा. डॉक्टरची पिवळी गोळी आली की मुकाट्याने मरायचं. माझी औकात तेवढीच होती. मला मोठं केलं ते पुंजाजीने.

पुंजाजी हा नाल्याकाठचा कास्तकार. एका उन्हाळ्यात माझ्याच एका भावाने त्याला आडवं केलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. अर्ध्या गोळ्यांतच पुंजाजी उठून बसला. उरलेल्या त्याने बैलाला चारल्या, कारण बैलालाही ढाळ लागले होते.

"चांगली दवाई हाय, फेकून काऊन द्याची?"

बैलाच्या पोटातले बहुतेक जंतू मेले. ज्यांच्याकडे गोळी पचवायची विद्या होती, तेवढे उरले. ही विद्या आमच्या अंगातल्या एका कड्यात लिहिलेली असते. इतकं बारीक कडं, की मुंगीच्या डोळ्यात अशा कड्यांचा बाजार भरेल.

मग पेरणी आली. सरकीला तंतू असतात. ती एकमेकीला धरून बसते आणि तिफणीच्या नळीतून सुटत नाही. म्हणून आपल्याकडे तिला आधी शेणामातीत चोळतात. त्या वर्षी तालुक्याहून लाल भुकटीही आली होती. पाऱ्याचं औषध, बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून. डब्यात घालून डबा फिरवा, हात लावू नका, असं बजावलं होतं. पुंजाजीने डोकं चालवलं.

"शेण बी लावाचं, दवाई बी लावाची. दोनदा कोन हात भरवते? एकाच घमेल्यात कालवून टाकतो."

त्याच बैलाचं शेण, ती भुकटी आणि सरकी त्याने एकत्र मळली. काम झाल्यावर घमेलं घेऊन नाल्यावर आला. तिथे वाळूत उकरलेला झिरा होता. घरचं पिण्याचं पाणी त्यातलंच.

"अवो, झिऱ्यापाशी काऊन धुता?" त्याची बायको रुखमाबाई ओरडली. "खाल्लाकडे जा ना!"

"वाहतं पानी हाय. जाईन वाहून."

गेलं नाही. गाळात बसलं. त्या लाल पाण्याने माझी भावंडं जागच्या जागी मेली. माझीही कातडी विरून पातळ झाली. तेवढ्यात शेणातून आलेला एक जंतू मला चिकटला. त्याने बारीकशी नळी माझ्या अंगात खुपसली आणि आपल्या कड्याची नक्कल मला देऊन टाकली. एरवी असं देणंघेणं आमच्यात क्वचित. पण विषाची झळ लागली की अंगं पातळ होतात, दारं उघडी पडतात आणि सगळा गाळ देवघेव करत सुटतो. कड्यात दोन विद्या होत्या. एक पारा पचवायची, दुसरी गोळी पचवायची. पाऱ्याच्या भीतीने कडं घेतलं, त्यात गोळीची विद्या आयती आली. मारायच्या औषधाने मला पाटील केलं!

पुंजाजीची लेक शालूबाई झिऱ्यावर यायची. आधी ओंजळीने स्वतः प्यायची, मग घागर भरायची. त्या ओंजळीतून मी आत गेलो.

लाल काठाच्या गोधडीत मुटकुळं करून ती पडली. गोधडीसकट बैलगाडीतून मलकापूरला नेली. पोटात बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, मले तं अर्ध्याच गोळ्यांनं फरक पडला होता," पुंजाजी रडकुंडीला आला होता. "पोरीले पुऱ्या देल्या, तरी रक्तच पडून राह्यलं."

"गोळी बरोबर आहे. देत राहा," डॉक्टर म्हणाला.

देत राहिले. मी सुपारीसारखी चघळत राहिलो. घरी रुखमाबाई उशाशी बसायची.

"शालू, दोन घोट पे व माय. झिऱ्याचं ताजं पानी आनलं."

प्रत्येक घोटाबरोबर माझी आणखी भावंडं आत येत होती.

मित्रांनो, मला खुशाल शिव्या द्या. मी जंतूच, मला दुसरं काय येतं? पण गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, उरलेल्या जनावराला चारू नका, आणि विषाची भांडी पिण्याच्या पाण्यात धुऊ नका. मला शाळेत घालणारे तुम्हीच.

आता अशी तोंडं पाडू नका. शालूबाई बरी झाली. खरंच! गेल्या आखाजीला तिचं लग्नही झालं. बुलढाण्याला दिली. नवरा कचेरीत शिपाई आहे. नळाचं पाणी पिते, अंगानेही भरली आहे. मलाच तिची दया आली, म्हणून मी आपण होऊन निघून...

"थांब बे बुढ्या," लोणारवाला मध्येच बोलला. "बरी झाली म्हनतं, तं मंग आपून बसलो हे गोधडी कोनाची हाय? जित्या मानसाचं अंथरून कोनी नाल्यात फेकते काय?"