चार बोटं उंच टायर

मित्रांनो, अमेरिकेत मोंटानातल्या एका कोठारामागे उभी असते ती जुनी पिकअप गाडी म्हणजे मी. माझा हिरवा रंग आता दारांच्या आतल्या बाजूलाच तेवढा उरला आहे. अलीकडे मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, त्यामुळे रडगाणं ऐकावं लागेल अशी धास्ती बाळगू नका.

मला कुठल्या कारखान्यात कुणी घडवलं, ते आठवत नाही. आठवतो तो माझा मालक, लाइल टोर्गरसन. मला घरी आणलं तेव्हा तो तरणाबांड होता, पायरीला पाय न लावताच आत बसायचा. पुढे त्याची बायको वारली आणि मुलगा ट्रॉय नोकरीसाठी शहरात गेला. मग लाइल, त्याच्या गाई आणि मी, एवढेच उरलो.

हिवाळ्यात गाईंना चारा घालायची आमची एक रीत होती. कुरणात पोचलं की लाइल मला सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये टाकायचा, स्टिअरिंग सुतळीने बांधायचा आणि मागच्या हौद्यात चढायचा. मी आपली आपोआप, गोगलगायीसारखी सरळ चालत राहायचे. तो मागून गवत टाकत जायचा आणि गाई रांगेने खात यायच्या. गवत संपलं की तो खाली उतरायचा, माझ्या बाजूने चालत यायचा, दाराला धरून आत चढायचा आणि मला थांबवायचा. आमच्या भागात एकटा माणूस असाच चारा घालतो. गुडघा दुखायला लागल्यावरही त्याला हे जमत होतं, कारण माझी चाल त्याच्या पायांना पाठ होती.

गुडघ्याचं त्याने ट्रॉयला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ट्रॉयने गाई विकायला लावल्या असत्या. एकट्याने चारा घालता येतोय तोवर घर आपलं, गाई आपल्या, हे लाइल ओळखून होता.

मग एका हिवाळ्यात मी कुरणातल्या घळीत रुतले. लाइल बर्फातून चालत घरी गेला आणि त्याची बोटं काळीनिळी पडली. हे कळताच ट्रॉय धावत आला आणि आम्हा दोघांना रोंडाच्या टायरच्या दुकानात घेऊन गेला.

"मोठे टायर बसव. पुन्हा रुतायला नको," तो म्हणाला.

रोंडाने वाकून मोजमाप घेतलं. "मडगार्ड थोडं कापावं लागेल. गाडी चार बोटं उंच होईल. आणि वेगाचा काटा खोटं बोलेल बरं का. दाखवेल त्यापेक्षा गाडी जोरात पळेल."

"म्हणजे म्हातारपणी मला पोलीस पकडणार," लाइल म्हणाला.

"तू चालवतोस तशी गाडी पोलीस पायी आला तरी पकडेल."

सगळे हसले. ट्रॉयने विचारलं, "बाबा, चालतील ना तुम्हाला?"

लाइल माझ्या दाराच्या पायरीकडे बघत राहिला. "चालतील की," तो म्हणाला.

रस्त्यावरच्या वेगाबद्दल बोलणं झालं. कुरणातल्या चालीबद्दल कुणीच बोललं नाही. मला बोलता येत नाही आणि लाइलला बोलायचं नव्हतं.

बर्फ पडल्यावर आम्ही पुन्हा कुरणात गेलो. तोच गिअर, तीच सुतळी. पण मोठं चाक एका फेरीत जास्त जमीन कापतं. गवत संपल्यावर लाइल उतरला, तेव्हा मी त्याच्या पुढे होते. तो लंगडत धावला. दार त्याच्या हाताला लागलं, पण पाय पायरीपर्यंत पोचेना. थोडं अंतर तो माझ्याबरोबर फरफटत आला. मग दारावरचा हात सुटला.

मी चालत राहिले. घळ आली. जुन्या टायरांवर असते तर तिथेच रुतले असते. नव्या टायरांनी मला अलगद पलीकडे नेलं. शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब आडवा आला, तेव्हा कुठे इंजिन बंद पडलं.

बाप फोन उचलत नाही म्हणून ट्रॉय दुपारी आला. गाई गवताची रेघ खात खात गेल्या होत्या. रेघ संपत होती तिथून थोडं पुढे त्याला लाइल सापडला. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं होतं.

वसंतात गाई विकल्या गेल्या. लाइल आता ट्रॉयकडे राहतो. मध्यंतरी ट्रॉय त्याला इथे घेऊन आला होता. त्याने बापाला दोन्ही हातांनी उचलून माझ्या सीटवर बसवलं. माझ्या टायरांना नीट चिखलसुद्धा लागलेला नव्हता. ट्रॉय त्या टायरांकडे बघत होता.

"बाबा, जुने टायर ठेवलेत मी. परत बसवतो."

"आता कशाला?" लाइल म्हणाला.

लाइलने माझा गिअर सगळ्यांत खाली टाकला, रिकाम्या कुरणाकडे बघितलं आणि पुन्हा वर घेतला.

मित्रांनो, ट्रॉयने माझी काळजीच घेतली होती. माझी आणि त्याच्या बापाचीही. तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी घ्याल. पण त्यांच्यासाठी काही करायच्या आधी एक दिवस त्यांच्याबरोबर कामाला जा. ते "चालेल" म्हणतील. तुम्ही त्यांचे पाय बघा.