घरजावयाची ओळ

ताडमाड उंचीमुळे सगळे त्याला शिडीच म्हणत. अकरा वर्षं या शिडीनं आपल्या रडतखडत चालणाऱ्या बास्केटबॉल संघाचं ओझं एकट्यानं वाहिलं. चार अंतिम सामने खेळला, चारही हरला. बाराव्या वर्षी उठला आणि सलग तीन कप उचललेल्या बलाढ्य संघात जाऊन बसला. बसला म्हणजे अक्षरशः बाकावर बसला. कोर्टावर उतरायला तिथं त्याच्याहून सरस पाच जण होतेच. त्या संघानं चौथाही कप घेतला आणि शिडीच्या गळ्यात पदक पडलं. इकडे लोकांनी नावं ठेवली. त्यातलं एक चिकटलं ते चिकटलंच: घरजावई.

निवृत्तीनंतर त्याची जर्सी जुन्या क्लबच्या भिंतीवर लागायची होती. त्या क्लबची एक खोड होती. जर्सीखाली एकच ओळ रंगवायची, ती खेळाडूनं स्वतः सांगायची आणि नंतर कधीच पुसायची नाही. शिडीला तिथं 'विजेता' हवं होतं. त्या एका शब्दासाठी तर त्यानं इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या.

त्याचे तिथले म्हातारे कोच ब्रश घेऊन स्टुलावर चढले. "बोला, जावईबापू."

"लिहा, कपविजेता."

ब्रश हलला नाही. "त्या कपाच्या अंतिम सामन्यात किती मिनिटं खेळलास?"

"दोन."

"काय दिवे लावलेस?"

"एक पास दिला."

"कोणाला?"

"समोरच्यांना."

स्टूल धरून उभी असलेली त्याची थोरली बहीण फिसकन हसली. "लिहा हो कोच. आयत्या बिळावरचा असला तरी नागोबाच ना!"

शिडी भडकला. "हो, गेलो! हरून हरून विटलो होतो. दरवेळी तुमचं आपलं एकच, 'पुढच्या वर्षी बघू'!"

कोचनी ब्रश खाली घेतला. खोटं काय होतं त्यात?

"मजा तरी आली का रे?" बहिणीनं विचारलं.

"आली. बाकावरून उड्या मारल्या मी."

"मग तेच सांग की."

शिडीनं कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. 'विजेता' सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"लिहा," तो शेवटी म्हणाला. "चार खेळून हरलो, एक बसून जिंकलो."

कोच लिहू लागले. 'हरलो'पाशी त्यांचा हात अडला.

"यात मीही आलो का रे?"

"आलात की. सगळेच आलो."

"आणि 'जिंकलो'त?"

शिडीनं मान खाली घातली.

"तिथं मी एकटाच होतो."